कारखाना बंद, जहाज चालू

उरण तालुक्यात घारापुरीच्या डोंगरमाथ्यावर दोन प्रचंड तोफा आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मुंबई बंदराच्या रक्षणासाठी त्या तिथे बसवल्या. लेणी पाहून वर चढलेले पर्यटक त्यांच्यापाशी फोटो काढतात. त्या तोफांचे एखादे दातेरी चाक झिजले काय नि तुटले काय, आज कुणाचे काही अडत नाही. याच तालुक्यात करंजाला नौदलाचे शस्त्रभांडार आहे, 'आयएनएस तुणीर' हा क्षेपणास्त्रांची निगा राखणारा तळ आहे आणि मोऱ्याहून लाँच भाऊच्या धक्क्याकडे निघाली की पलीकडच्या नौदल गोदीतल्या करड्या युद्धनौका दिसू लागतात. तिथे मात्र एका चाकाने, एका सीलने, एका सर्किट कार्डाने फार अडते. कारण ज्या कारखान्याने ते बनवले तो बंद पडलेला असतो आणि जहाज मात्र अजून कामावर असते.

युद्धनौका तीस-चाळीस वर्षे वापरतात, लढाऊ विमानेही आता तितकीच वापरली जातात. त्यांच्या पोटातल्या वस्तूंचे आयुष्य एवढे नसते. इंजिन बनवणारी कंपनी दहा-पंधरा वर्षांत नवे मॉडेल काढते, इलेक्ट्रॉनिक चिप तर त्याहून लवकर बाजारातून जाते. म्हणून जहाज घेतानाच त्याच्यासोबत सुटे भाग घेतात. काही जहाजावर राहतात, बाकीचे किनाऱ्यावरच्या भांडारात. या दुसऱ्या साठ्याला नौदलात 'बी अँड डी स्पेअर्स' म्हणतात. मुंबईत असा साठा सांभाळण्याचे काम घाटकोपरच्या मटेरियल ऑर्गनायझेशनकडे आहे. पण पुढच्या तीस वर्षांत काय किती झिजेल याचा अंदाज शेवटी अंदाजच. काही पेट्या जहाज भंगारात जाईपर्यंत फोडल्याच जात नाहीत आणि एखादा क्षुल्लक व्हॉल्व्ह पाचव्याच वर्षी संपतो.

'विक्रांत'ची हकिकत इथे सविस्तर सांगायला हवी, कारण साऱ्या प्रश्नाचा गाभा तिच्यात सापडतो. ब्रिटनने १९४३ साली 'हर्क्युलिस' या नावाने बांधायला घेतलेली ही नौका महायुद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिली. भारताने ती १९५७ साली विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती ताफ्यात दाखल झाली. जून १९७० मध्ये मुंबईच्या गोदीत तिच्या बॉयलरच्या वॉटर ड्रमना आतून भेगा पडल्याचे दिसले. धातू थकून पडलेल्या या भेगा वेल्डिंगने भरून निघणाऱ्या नव्हत्या आणि तसे ड्रम देशात मिळत नव्हते. चार नवे ड्रम ब्रिटनहून मागवले गेले. तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत, असा नौदल मुख्यालयाचा हुकूम सुटला. देशाची एकमेव विमानवाहू नौका धक्क्याला बांधून पडली.

फेब्रुवारी १९७१ उजाडला तरी ड्रम आलेले नव्हते. पूर्वेकडे युद्धाचे ढग जमू लागले तसा गोदीतल्या अभियंत्यांनी आणि नौसैनिकांनी वेगळा मार्ग काढला. १ मार्चला बॉयलर कमी दाबावर पेटवले. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रात चाचण्या झाल्या. अखेर वाफेचा दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही, असे ठरले. त्यामुळे चोवीस नॉटच्या वर धावणारी नौका चौदा नॉटवर आली. विमानवाहू नौकेला वेग लागतो तो नुसता अंतर कापण्यासाठी नव्हे. नौका वाऱ्याला सामोरी होऊन जोरात धावली तरच डेकवरून विमानाला उडण्याइतका वारा मिळतो. चौदा नॉट म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ. तरीही ४ डिसेंबर १९७१ रोजी 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढवले. चार ड्रमवाचून अडलेली नौका युद्धात उतरली, कारण यंत्राचा नेमका किती भार सोसवेल हे जाणणारी माणसे गोदीत होती. तिच्या पराक्रमाच्या वर्णनांत या माणसांना एखाद-दुसरे वाक्य मिळते. खरे तर त्यांच्यावर एक स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे.

भाग मिळेनासा होतो त्याची कारणे अनेक. कंपनी बुडते, विकली जाते किंवा तिला तो माल बनवणे परवडत नाही. हे तर नागरी कारखान्यांतही घडते. उरणच्याच बोकडविऱ्याच्या वायू विद्युत केंद्रात १९८२ पासून बसवलेले पहिले ६० मेगावॅटचे चार संच आता सेवेत नाहीत. आजची ६७२ मेगावॅटची क्षमता नंतरच्या संचांची आहे. वीज कंपनीला जुना संच काढून नवा घेता येतो. लष्कराला ही मुभा सहसा नसते, कारण टर्बाइन बदलायचा तर जहाजच उघडावे लागते.

दुसरे कारण अधिक विचित्र. देशच नाहीसा होतो. माझगाव डॉकमध्ये 'दिल्ली' या विनाशिकेचा तळ १९८७ साली ठेवला गेला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिचे जलावतरण झाले. त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघ कोसळला. जहाज ताफ्यात यायला १५ नोव्हेंबर १९९७ उजाडावे लागले. सोव्हिएत संघ होता तोवर मॉस्कोतल्या एका कार्यालयाशी पत्रव्यवहार केला की भागत असे. आता टर्बाइन युक्रेनमधल्या मायकोलाइव्हची, शस्त्रे रशियातली, आणखी काही भाग तिसऱ्याच प्रजासत्ताकातले. यांतल्या बऱ्याच कारखान्यांनी लष्करी माल सोडून दुसरेच काही करायला घेतले होते. हवाई दलाची हीच गत झाली. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिग-२१ विमाने बांधली, तिथल्याच ११ बेस रिपेअर डेपोने सोव्हिएत विमाने वर्षानुवर्षे दुरुस्त केली. इथे कारखाना होता, कुशल कामगार होते. पण खास मिश्रधातू, बेअरिंगे, उपकरणे अशा अनेक बाबतींत मूळ पुरवठादार सीमेपलीकडे होता. १९६३ साली आलेले मिग-२१ निवृत्त झाले ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी. इतकी वर्षे ते उडत राहिले याचे बरेच श्रेय ओझरच्या हँगरमधल्या लोकांना आहे.

तिसरे कारण आपणच तयार केले. बोफोर्सशी ४१० तोफांचा करार मार्च १९८६ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी दलालीचे आरोप झाले आणि कंपनीशी व्यवहार थांबले. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीच्या पाणबुड्यांचेही तेच झाले. चार पाणबुड्यांपैकी दोन कीलमध्ये आणि दोन माझगावला बांधल्या गेल्या. पुढच्या पाणबुड्यांचा विचार आरोपांच्या गदारोळात सुटला आणि माझगावच्या कामगारांनी मोठ्या कष्टाने शिकलेली विद्या पुढे वापराविना राहिली. लाच घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण काळ्या यादीचा फटका बसला तो आधीच विकत घेतलेल्या तोफेला आणि पाणबुडीला, म्हणजे ती वापरणाऱ्या जवानाला. कारगिलमध्ये १९९९ साली बोफोर्स तोफांनी निर्णायक काम केले, पण त्या चालत्या ठेवण्यासाठी काही तोफांचे भाग काढून दुसऱ्यांना लावावे लागले होते. चौकशी चालू असतानाही सुट्या भागांचा पुरवठा अडणार नाही, अशी तरतूद करारातच असायला हवी, हा धडा तेव्हाच घ्यायला हवा होता.

एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावणे, हा जगभरचा पहिला उपाय. वर्कशॉपमध्ये त्याला 'कॅनिबलायझेशन' म्हणतात आणि कुठल्याही फिटरला ते आवडत नाही. कामही दुप्पट होते, दोनदा खोलायचे आणि दोनदा बसवायचे. शिवाय काढताना शेजारची नळी किंवा कनेक्टर दुखावण्याचा धोका असतो. उद्या समुद्रावर जायचे असेल तर दुसरा इलाज नसतो, एवढेच.

याच उपायाचे मोठे रूप म्हणजे अख्खी विमाने भंगारासारखी विकत घेणे. अमेरिकेने २०११ साली ब्रिटनकडून निवृत्त झालेली ७२ हॅरियर विमाने आणि त्यांचे सुटे भाग घेतले, आपल्या मरीन दलाची हॅरियर उडती ठेवण्यासाठी. भारताने तेच जग्वारसाठी केले. जग्वार फक्त भारतीय हवाई दलाकडे उरली, तेव्हा फ्रान्सने ३१ जुनी विमाने मोफत दिली. आणण्याचा खर्च तेवढा भारताचा. ओमान आणि ब्रिटनकडूनही विमाने, इंजिने आणि भाग आले. मिराज २००० साठी तर २०२१ मध्ये फ्रान्सकडून वापरातून गेलेली २४ विमाने घेतली गेली. या साऱ्याला कुणी नाक मुरडू नये. चांगल्या अवस्थेतले जुने लँडिंग गिअर नव्याने बनवायला किती वर्षे लागतील याचा हिशेब मांडला की हा सौदा शहाणपणाचा ठरतो.

पण या झऱ्यालाही शेवट आहे. गोव्याच्या दाबोळीवर 'आयएनएस हंसा' तळावरून नौदलाची सी हॅरियर १९८३ पासून उडत होती. ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ साली निवृत्त केली. त्या वेळी त्यांतली काही घ्यावीत असा विचार झाला, पण ती रडार आणि क्षेपणास्त्रांशिवाय मिळणार होती; तो विचार सोडून देण्यात आला. इकडे काही विमानांना नवे रडार बसवून आयुष्य वाढवले गेले, संख्या मात्र घटत गेली. 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रनने ११ मे २०१६ रोजी या विमानांना निरोप दिला. त्यांचे घर असलेली 'विराट' मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली.

बाजाराचा रस्ता सर्वात मोहक आणि सर्वात धोक्याचा. मुंबईत बेअरिंग हवे तर नागदेवी स्ट्रीट, ट्रान्झिस्टर हवा तर लॅमिंग्टन रोड, मोडलेल्या जहाजाचा पंप हवा तर दारूखाना, अशी वाट गिरणगावातल्या मेकॅनिकलाही ठाऊक असते. 'विक्रांत' मोडली गेली तीही दारूखान्यातच, २०१४ साली. लष्कराच्या भागाला मात्र नुसता आकार जुळून चालत नाही. तो कुठल्या भट्टीतून आला, कुणी तपासला, कुठे साठवला, हा कागदोपत्री इतिहास लागतो. इतिहास नसलेला भाग स्वस्त मिळतो आणि तिथेच घात होतो.

हा घात किती खोल असतो ते दोन प्रकरणांत दिसले. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली आपल्या सैन्याच्या पुरवठ्यात बनावट असल्याचा संशय असलेल्या इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणे शोधली. भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती आणि मोठा ओघ चीनमधून होता. टाकाऊ संगणकांच्या बोर्डांवरून चिपा काढायच्या, वरची अक्षरे घासून टाकायची, काळा लेप द्यायचा आणि नव्या तारखेची छपाई करायची, असा तो उद्योग. आपल्याकडे २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो 'धनुष' तोफेच्या बेअरिंगांबद्दल. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्याला जर्मन म्हणून दिलेली बेअरिंगे प्रत्यक्षात चिनी बनावटीची असल्याचा आरोप होता. 'धनुष' तर जुनी तोफ नव्हे, बोफोर्सच्या आराखड्यांवरून आपण नव्याने घडवलेली. नव्या तोफेत असे घडू शकते तर वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या भागाबाबत किती सावध राहायला हवे, हे सांगायला नको.

उरतो तो चौथा मार्ग, म्हणजे भाग स्वतः बनवणे. भाषणांत तो फार सोपा वाटतो.

समजा, जुन्या जहाजावरच्या समुद्रपाण्याच्या पंपाचा इंपेलर गेला. हातात आला तो तुकडा खाऊन-झिजून गेलेला. पात्यांच्या कडा बुडबुड्यांच्या माऱ्याने चाळणी झालेल्या. मूळ माप काय होते? ड्रॉइंग नाही, आणि असेल तर रशियन मानकांतले. स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पाडली की तांबे किती, ॲल्युमिनियम, निकेल, लोखंड किती ते कळते. पण ओतीव कसे केले, उष्णतेची प्रक्रिया कोणती दिली, हे त्यातून कळत नाही. मग झिजलेल्या पात्यासमोरचे कमी झिजलेले पाते मोजायचे, पंपाच्या घराचे आतले माप घ्यायचे आणि दोहोंवरून मूळ आकार बांधायचा. पॅटर्नमेकर लाकडात नमुना कोरतो तो मापापेक्षा किंचित मोठा, कारण ब्राँझ थंड होताना आकसते. पहिल्या ओतीव तुकड्यात रेडिओग्राफीला पोकळ्या दिसतात, तो बाद. मग वितळलेला धातू कुठून सोडायचा ती वाट बदलायची. तिसरा-चौथा तुकडा लेथवर जातो. शाफ्टवर बसायचे भोक मायक्रॉनच्या हिशेबाने, नंतर डायनॅमिक बॅलन्सिंग, मग टेस्ट बेंचवर तासन् तास पाणी. एवढे झाल्यावर तपासनीस शिक्का मारतो.

आणि ऑर्डर असते सहा नगांची.

हे काम करणारी माणसे महाराष्ट्रात आणि सीमाभागात आहेत. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, बेळगावचे ओतीव कारखाने, भोसरी, अंबरनाथ, तळोजे इथली छोटी वर्कशॉपे. आयटीआयमधून निघालेला टर्नर आणि फिटर हीच त्यांची पुंजी. त्यांना तंत्र येत नाही असे नाही. अडचण व्यवहारात आहे. विकासाचा सारा खर्च पहिल्या सहा नगांवर पडतो. पुढची ऑर्डर कधी येईल, येईल की नाही, ठाऊक नसते. आणि आलीच तर निविदेत सर्वात कमी दर देणाऱ्याला, म्हणजे 'एल-वन'ला जाते. पहिल्याने दोन वर्षे घालून तयार केलेला नमुना समोर ठेवून दुसरा स्वस्तात नक्कल करतो, कारण त्याला विकासाचा खर्चच नसतो. बिलाचे पैसे उशिरा आले तर छोट्या कारखानदाराचे महिन्याचे पगार अडतात. अशा वेळी तो पुन्हा मोटारींच्या भागांकडे वळला तर त्याला दोष कसा द्यायचा?

सरकारने गेल्या काही वर्षांत पाऊल उचलले आहे, हे नाकारता येणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'सृजन' पोर्टल सुरू केले. आयात होणारे भाग तिथे मांडले जातात आणि ते बनवू शकणारा उद्योजक पुढे येतो. सुटे भाग आणि उपप्रणाली परदेशातून न आणण्याच्या याद्याही निघाल्या. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या यादीत २,८५१ वस्तू होत्या; त्यांतल्या २,५०० आधीच देशात बनू लागल्या होत्या. जुलै २०२४ च्या पाचव्या यादीत आणखी ३४६ वस्तूंची भर पडली. ही गती चांगली आहे. पण यादी ही काय आणायचे नाही ते सांगते. काय जपून ठेवायचे ते सांगत नाही. मिळेनासा झालेला भाग शोधणे हे खरेदी विभागाचे काम समजले जाते, तेव्हाच निम्मी लढाई हरलेली असते. ते काम आहे माहिती जपण्याचे. ड्रॉइंग, धातूचे वर्णन, चाचणीची पद्धत, लाकडी पॅटर्न, बाद झालेल्या पहिल्या तीन तुकड्यांची नोंद आणि ज्याने चौथा बरोबर ओतला त्या कारागिराचा अनुभव, हे सारे एकत्र राहिले तर भाग दहा वर्षांनी पुन्हा बनतो. ते विखुरले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर हे अधिकच खरे. इंपेलर मोजता येतो, जुन्या चिपचे पोट मोजून नवी चिप बनत नाही. तिथे उत्पादन बंद होण्याची सूचना मिळताच शेवटची मोठी खरेदी करून ठेवायची किंवा तेच काम करणारे नवे कार्ड घडवायचे, असे दोनच रस्ते. शेवटची खरेदी करायला सूचना वेळेत वाचणारा माणूस लागतो आणि फाईल चार महिने फिरणार नाही अशी व्यवस्था लागते. नवे कार्ड करायचे तर जुने कार्ड नेमके काय करत होते, हे कुणाला तरी समजलेले हवे. ते जमले की फळ दिसते. साठच्या दशकापासूनच्या एल-७० विमानविरोधी तोफा नव्या दृष्टियंत्रणेने सज्ज केल्या गेल्या आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोनांविरुद्ध पश्चिम सीमेवर कामी आल्या.

चांगल्या उदाहरणासाठी फार दूर जायला नको. त्याच वादग्रस्त जर्मन पाणबुड्यांपैकी १९८६ च्या 'शंकुश'चे आयुष्य वाढवण्याचा २,७२५ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये माझगाव डॉकशी केला. कामात तीसहून अधिक छोटे-मध्यम उद्योग गुंतले आहेत. ही पाणबुडी पूर्ण उघडून तपासली जात असताना प्रत्येक भागाची जी माहिती हाती येईल, ती त्याच वर्गातल्या उरलेल्या पाणबुड्यांसाठी सोन्यासारखी आहे. ती माझगावच्या एका कपाटात राहू नये. भाग बनवणाऱ्या फाउंड्रीपर्यंत आणि नौदलाच्या भांडारापर्यंत गेली पाहिजे, आणि तिच्यासाठी वेगळा पैसा, वेगळी माणसे नेमायला हवीत.

हे काम तातडीचे आहे, कारण पुढची फळी उभीच आहे. माझगावला बांधलेली 'विशाखापट्टणम' नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईत ताफ्यात आली, त्याच वर्गातली शेवटची 'सुरत' १५ जानेवारी २०२५ रोजी. या वर्गातल्या चारही विनाशिका मायकोलाइव्हच्या झोर्या-मॅशप्रोएक्ट कंपनीच्या टर्बाइनवर चालतात आणि ते शहर २०२२ पासून रशियाच्या माऱ्याखाली आहे. पुण्याच्या भारत फोर्जच्या समूहातील कल्याणी स्ट्रॅटेजिक सिस्टिम्सने झोर्याच्या भारतातील कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. विशाखापट्टणमला 'आयएनएस एक्सिला' इथे नौदल स्वतः गॅस टर्बाइन उघडून दुरुस्त करते. सुरुवात योग्य दिशेने आहे. 'सुरत' मोठ्या रिफिटला मुंबईच्या ड्राय डॉकमध्ये लागेल तेव्हा आज चाळिशीत असलेला फिटर निवृत्त झालेला असेल. त्याच्या हाताखाली काम करणारी पोरे उरण-पनवेलच्या आयटीआयमधून आताच घ्यावी लागतील, आणि टर्बाइनच्या पात्यांचे ओतकाम शिकण्यासाठी लागणारे पैसे या वर्षीच्या अंदाजपत्रकातच बाजूला काढावे लागतील.